नेहमीचा फोटो

सकाळी सहा ते सात मी पेपर ऐकते. त्या तासात माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही, आणि आमच्या कुपवाडच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई, आक्काताई, चहाचा कप हाताला टेकवते आणि निघून जाते. भावजय मयूरी नवी होती तेव्हा एकदा मधेच पोहे करू का उपमा, असं विचारून बसली. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मला दिसत नाही. बाविसाव्या वर्षापर्यंत थोडंफार दिसायचं, मग तेही गेलं. आता मी एकतीस वर्षांची आहे, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात फोनवर पेशंटचे नंबर लावते, आणि पेपर मला फोनमधली बाई वाचून दाखवते. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. मी बाई म्हणते. पडद्यावर जे असेल ते ती वाचते. हेडिंग, लिंक, जाहिरात, बंद करा बटण, पुन्हा जाहिरात. मोठ्या पेपरांची छापील पानं नेटवर जशीच्या तशी चिकटवलेली असतात, ती तिला वाचता येत नाहीत. अख्ख्या पानाला ती एकच शब्द म्हणते, "चित्र", आणि गप्प बसते. म्हणून मी बातम्यांची पोर्टलं ऐकते, तीही दुप्पट वेगाने. शेजारी बसलेल्याला चिमण्या भांडताहेत असं वाटतं, मला मात्र शब्द न् शब्द कळतो.

या बाईचा एक गुण मला फार आवडतो. तिला भीडभाड नाही. बातमीत फोटो असेल तर त्याचं वर्णन लिहायची एक जागा असते, ती डोळसांना दिसत नाही. शहाणी पोर्टलं तिथे लिहितात की पुराचं पाणी बघायला आलेले गावकरी, किंवा बक्षीस घेताना अमुक अमुक. आमच्याकडच्या सातारा-सांगलीच्या बातम्या देणारं एक पोर्टल सौमित्र नावाचा तरुण एकटाच चालवतो, तो तिथे काहीच लिहीत नाही. मग त्या जागी फायलीचं नाव आपोआप पडतं आणि बाई ते तसंच वाचते. बहुतेक फोटो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यामुळे नाव म्हणजे फोटो आला ती तारीख आणि वेळ. लोक फोटो बघतात. मला त्याची जन्मवेळ ऐकू येते.

सोळा ऑक्टोबर दोन हजार चोवीसच्या सकाळी बाईने हेडिंग वाचलं: "पांढरी काठी दिनानिमित्त अंध विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटप. बाळासोदादांचा स्तुत्य उपक्रम." माझा चहा तिथेच राहिला.

बाळासो हे साताऱ्याचं बडं प्रस्थ. आईच्या नावाने त्यांनी प्रतिष्ठान काढलंय, त्याचं एक ऑफिस सांगलीतही आहे, दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी, बावीस सालच्या पंधरा ऑक्टोबरला, सांगलीच्या एका हॉलमध्ये त्यांनी आम्हा अकरा जणांना लॅपटॉप दिले होते. मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि सरावाला घरात कॉम्प्युटर नाही. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, फॉर्म भरला आणि त्या दिवशी शेडमधलं लेथ मशीन बंद ठेवून मला स्कूटरवरून हॉलवर नेलं. आण्णा म्हणजे जिनपाल मगदूम, कुपवाडात चोख कामाबद्दल नाव असलेला माणूस, आणि तोंडाने तितकाच फाटका. गिऱ्हाईक मोठं असो की छोटं, पटलं नाही तर शेडमधून बाहेर काढायचे.

स्टेजवर माझ्या हातात खोका आला. आण्णा माझ्या मागे उभे होते. फोटोग्राफर म्हणाला, "काका, हात जोडा. जरा वर. अजून वर. हां, आता काढतो." मला मनातून हसू आलं, कारण हा गडी कुणाला सांगतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. स्टेजच्या मागच्या पायरीवर एका माणसाने खोका परत घेतला. आत सॉफ्टवेअर टाकायचंय, आठ दिवसांनी ऑफिसातून घेऊन जा, म्हणाला. खोका फार हलका होता. हे मी आण्णांना स्कूटरवर सांगितलं, तर म्हणाले, आताचे लॅपटॉप हलकेच असतात. मग मी विचारलं, खरंच हात जोडले का हो तुम्ही?

"मी कशाला जोडतोय गं?" आण्णा म्हणाले. "बस्तीतल्या देवाफुडं सोडून कुणाफुडं हात जोडल्यात व्हय मी आजवर?"

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. मला बरं वाटलं. लॅपटॉपपेक्षा त्याचंच जास्त बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठ दिवसांनी आण्णा त्या दुसऱ्या मजल्यावर गेले. पुढच्या आठवड्यात या. पुन्हा गेले. साहेब साताऱ्याला आहेत. असे नऊ वेळा गेले. प्रत्येक वेळी लेथ बंद, अंगाला तेलाचा वास तसाच, आणि परत आले की दारातूनच सांगायचे, फुडल्या आठवड्यात म्हणाल्यात. डिसेंबरात मी सराव न करताच परीक्षेला बसले आणि पडले. फेब्रुवारीत आण्णा लेथवर काम करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. नवव्या खेपेला बारा दिवस झाले होते. त्या जिन्याने ते गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

तर ती बातमी. काल सांगलीत अकरा विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळाले, असं बाईने वाचलं आणि मग फोटोवर आली. "चित्र. व्हॉट्सअ‍ॅप इमेज दोन हजार बावीस, दहा, पंधरा. अकरा वाजून बेचाळीस." मी बोट मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. मग वेग कमी करून ऐकलं. कालचा कार्यक्रम आणि फोटो दोन वर्षांपूर्वीच्या पंधरा ऑक्टोबरचा. मी मयूरीला हाक मारली. सहा ते सातच्या मधे मी स्वतः हाक मारतेय म्हटल्यावर ती पिठाच्या हाताने धावत आली. फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, फोटोत कोण कोण दिसतंय ते सांग.

"आवो ताई, ह्या तुमीच की," ती म्हणाली. "हातात खोकं हाय. शेजारी त्ये दादा. आन मागं..." ती थांबली. "मागं आण्णा हायत."

"काय करताहेत?"

मी पुन्हा विचारलं.

"हात जोडल्यात त्यांनी."

"कुठवर?"

"पार कपाळापातूर, ताई."

मी ती सकाळ विसरणार नाही. माझा बाप माझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते खोटं माझ्यासाठीच होतं. एका रिकाम्या खोक्यासाठी त्यांनी हात कपाळापर्यंत नेले, मला कळू नये म्हणून नाही म्हणाले, आणि मी स्कूटरवर मागे बसून खूश झाले. ते गेले, त्यांना अग्नी दिला, आणि तरी कालच्या पंधरा ऑक्टोबरला त्या माणसापुढे त्यांना पुन्हा हात जोडून उभं केलं होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. रडू आलं नाही. मला फक्त तो माणूस हवा होता.

त्या दिवशी दवाखान्यात मी चार पेशंटचे नंबर चुकीचे लावले. जेवणाच्या सुट्टीत पोर्टलच्या शोधाच्या चौकटीत बाळासोंचं नाव घातलं आणि एकेक बातमी उघडून बाईला फोटोवर नेलं. तेवीस सालचं लॅपटॉप वाटप, तोच फोटो. फलटणचं नेत्र तपासणी शिबिर, तोच फोटो. वाईच्या घाटावर पांढऱ्या काठ्यांचं वाटप, तोच. तारीख तीच, वेळ तीच, अकरा बेचाळीस. बावीस सालची मूळ बातमी आणि कालची धरून पाच. वाईला मी शाळेच्या सहलीनंतर गेलेले नाही, आणि फलटण तर माझ्या आयुष्यातच आलेलं नाही.

मग मी सौमित्रला फोन केला. बातमी आवडली असं मी म्हटलं, फोटो कोण काढतं हो असं गोड आवाजात विचारलं. तो बिचारा मोकळेपणाने बोलला. ताई, मी कुठे कुठे पुरणार, प्रेसनोट येते ती लावतो. फोटो विचारला की प्रतिष्ठानचा माणूस म्हणतो, नेहमीचा लाव. माझ्याकडे तो पडलेलाच आहे. मी थँक्यू म्हटलं आणि ठेवला. नेहमीचा. माझे आण्णा नेहमीचे झाले होते.

मयूरी म्हणाली, बातमीखाली कमेंट लिहा. भाऊ म्हणाला, पोलिसात जाऊ. मी दोघांनाही गप्प केलं. कमेंट पुसता येते आणि तक्रारीचा कागद कुणाच्या तरी टेबलाखाली जातो. मला असं काही हवं होतं जे चारचौघांत होईल आणि पुसता येणार नाही. आईला माझा चेहरा बघून अंदाज आला असावा. आमच्यात पर्युषण संपलं की एकमेकांची क्षमा मागायची आणि क्षमा करायची पद्धत आहे. आई म्हणाली, क्षमा कर बाई, वैर धरू नये. मी म्हटलं, तू कर, तुझी चालू दे. तीन महिने मी वैर धरून बसले, आणि खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मला झोप छान लागली.

जानेवारीत बाळासोंनी आपण होऊन हात पुढे केला. म्हणजे त्यांच्या सत्कार समितीने. साताऱ्याहून ज्ञानदाताई नावाच्या एका बाईंचा फोन आला. दादांना साठ पूर्ण होताहेत, एकसष्टीचा मोठा सोहळा आहे, आणि एका लाभार्थीचं मनोगत ठेवायचं ठरलंय. सगळ्यांनी तो फोटो पाहिला, त्यात तुमचा चेहरा फार बोलका आहे, फॉर्मवरून नंबर शोधला. लॅपटॉप मिळाल्यावर आयुष्य कसं बदललं, एवढंच सांगा, पाच मिनिटं. गाडी पाठवू का? त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आवाजावरून कळत होतं. गाडी नको, एसटीने येते, असं मी सांगितलं. माझा आवाज त्या वेळी इतका गोड होता की मयूरीने हातातली पळी खाली ठेवली.

एकोणीस जानेवारीला, रविवारी, मयूरीला घेऊन साताऱ्याला गेले. एसटीत तिला तिचं काम समजावलं. मी बोलत असताना तिने शेजारी उभं राहायचं आणि दिसेल ते कानात सांगायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. ती घाबरली होती. मी मात्र पाच बातम्या ओळीने उघडून ठेवल्या आणि बाईचा वेग कमी केला. माझ्या वेगाने कुणालाच काही कळलं नसतं.

हॉल खच्चून भरलेला. सत्कार, शाल, श्रीफळ, पुन्हा सत्कार. एकाने त्यांना दीनांचा दाता म्हटलं, दुसऱ्याने अंधांची काठी. तासाभराने निवेदकाने माझं नाव घेतलं आणि लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. डोळे नसलेली बाई पायऱ्या चढली की लोक टाळ्या वाजवतात, ती माणसं काही वाईट नसतात. मयूरीने माझा हात माईकवर ठेवला.

मी म्हटलं, मी उत्कर्षा, माझे डोळे म्हणजे हा फोन. मी काही बोलण्यापेक्षा दादांच्या कार्याच्या बातम्या मी रोज कशा वाचते ते ऐका. फोन माईकला लावला. बाईने पहिली बातमी वाचली, बावीस सालची. लोक तिच्या उच्चारांना हसले. "चित्र. व्हॉट्सअ‍ॅप इमेज दोन हजार बावीस, दहा, पंधरा. अकरा वाजून बेचाळीस." दुसरी बातमी, तेवीस सालची. तेच चित्र, तीच वेळ. हसू कमी झालं. फलटण. वाई. पाचव्या बातमीला बाई चित्रावर आली तेव्हा हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

"मयूरी, काय दिसतंय?" मी हळूच विचारलं.

"सगळ्यांनी मोबाईल काढल्यात, ताई. फोटो बघायल्यात."

मग मी बोलले. आवाज चढवला नाही. म्हटलं, "तुमच्यापैकी कुणाला हे दिसलं नाही, कारण तुम्हाला डोळे आहेत. फोटोत खोका घेतलेली मी आहे. तो खोका रिकामा होता, आणि तो पाच मिनिटांत परत घेतला. मागे उभे आहेत ते माझे वडील, जिनपाल मगदूम. लॅपटॉप मागायला ते यांच्या ऑफिसचा जिना नऊ वेळा चढले. तेवीसच्या फेब्रुवारीत ते वारले. त्यानंतर यांनी त्यांना फलटणला नेलं, वाईला नेलं, परवाच्या ऑक्टोबरला पुन्हा सांगलीला आणलं, आणि दर वेळी हात जोडून उभं केलं. मेलेल्या माणसाला तरी हात खाली घेऊ द्यायचे होते."

कुणीतरी माईक बंद करा म्हणालं. खालून दोघा-तिघांनी त्याला खाली बसवलं. मयूरीचा श्वास माझ्या कानाला लागत होता. दादा उठलेत, ती सांगत होती, दादा इकडं यायल्यात, घाम पुसायल्यात. मग बाळासोंचा आवाज अगदी जवळून आला. तीस वर्षं भाषणं केलेला आवाज, पण खालून पोखरलेला.

"ताई, काई चूक झाली असंल तर माफी असावी. उद्याच्या उद्या लॅपटॉप घरी पोच हुईल."

"हात जोडल्यात त्यांनी," मयूरी कुजबुजली.

"कुठवर?"

"छातीपातूर."

मी माईक सोडला नाही. "दादा," मी म्हटलं, "हात जरा वर."

ते उभेच होते. खुर्च्यांवर त्यांची माणसं बसलेली, सूनबाई बसलेल्या, शहरातली मातब्बर मंडळी बसलेली. हात खाली घेतले तर माफी खोटी ठरली असती, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

"अजून वर," मी म्हटलं.

मयूरीने माझं मनगट घट्ट धरलं. "कपाळापातूर गेलं, ताई."

"हां," मी म्हटलं. "आता काढा फोटो."

आणि त्यांनी काढले. कितीतरी फोनचे कॅमेरे एकदम वाजले. इतका सुंदर आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

सौमित्र हॉलमध्ये होता. पायऱ्यांखाली त्याने मला गाठलं, ताई मला खरंच माहीत नव्हतं म्हणाला, आणि मला वाटतं ते खरं होतं. मी त्याला म्हटलं, जुना फोटो आजच्या आज सगळीकडून काढ, आणि नवा लावशील तेव्हा वर्णनाच्या जागी मी सांगते ते लिही. उभ्या उभ्या त्याला मजकूर सांगितला. त्याने दोनदा वाचून दाखवला.

लॅपटॉप दोन दिवसांनी आला. खोका जड होता. परत पाठवशील ना, असं भावाने विचारलं, त्याला त्यात मोठेपणा वाटत असावा. मी ठेवून घेतला. आण्णांनी ज्याच्यासाठी नऊ खेपा घातल्या तो सोडायचा कशाला? माझ्यासारखेच हात हलवत परतलेल्या बाकी दहा जणांना मी एकेक करून फोन केले आणि त्यांचेही आले याची खात्री करून घेतली. हे सगळं मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. बाळासो आता स्टेजवर फारसे दिसत नाहीत म्हणतात. दिसले तरी हात जोडायला घाबरतात, असं ज्ञानदाताईच मला फोनवर सांगत होत्या.

यंदा पर्युषण संपलं त्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन आली आणि या वेळी गेली नाही. आज तरी क्षमा कर, म्हणाली, झालं ते झालं, आता मनातून काढ. मी तिला हाताने थांबवलं. फोनवर ती बातमी उघडलेली होती. बाकीचा पेपर मी दुप्पट वेगाने ऐकते, पण या एका ठिकाणी बाईला सावकाश करते.

"चित्र," बाई म्हणाली. "बाळासो, वय साठ, कपाळापर्यंत हात जोडून उभे. समोर उत्कर्षा जिनपाल मगदूम. सातारा, एकोणीस जानेवारी दोन हजार पंचवीस."

आई अजून उभीच होती. मी बोट मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं.